आप्पांची लाल रेघ

आमच्या घरात लाल रेघ ही शुभ गोष्ट होती. बाकीच्या जगात ती काय असते हे मला जरा उशिरा कळलं, आणि आमच्या आप्पांना तर त्याहून उशिरा. माझ्या नातीला हे सांगितलं की ती हसते आणि म्हणते, "आजी, तू हे बनवून सांगतेस." बनवून सांगण्याइतकी अक्कल असती तर मी तीस वर्षं खडूची धूळ कशाला खाल्ली असती! घडलं तसं सांगते.

बेळगावच्या वडगावातली आमची गल्ली विणकरांची. एका दारात मराठी, पुढच्या दारात कन्नड आणि दोन्ही दारांतून मागाचा आवाज मात्र एकच. सकाळी चूळ भरेपर्यंत पहिला माग सुरू झालेला असायचा, मग दुसरा, आणि भाकरीचा पहिला घास तोंडात जाईपर्यंत सगळी गल्ली खटक्-खट, खटक्-खट बोलायला लागायची. परगावचा पाहुणा आला की हमखास विचारायचा, "तुम्हांस्नी ह्या आवाजात सुचतंय तरी कसं?" आमचं उलट होतं. अमावास्येला माग बंद ठेवायची पद्धत होती, आणि त्या दिवशी दुपारी आम्हा पोरांना घरात चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. घर कसलं, दोन खोल्या. पुढच्या खोलीत आप्पांचा माग. आप्पा मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून जमिनीच्या बरोबरीनं बसायचे, त्यामुळे दारातून आत येणाऱ्याला आधी त्यांची टोपी दिसायची. मागच्या खोलीत चूल, आणि चूल नि दार यांच्या मधल्या जागेत आईचा रहाट. धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या ती त्यावर भरायची. एक हात रहाटावर, डोळा चुलीवरच्या आमटीवर आणि कान आम्हा भावंडांच्या भांडणाकडे. सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास घरात कायमचा मुरलेला. त्या वासात ज्वारीची गरम भाकरी, लसूण घालून कुटलेली शेंगांची चटणी आणि अंबाडीची भाजी खाल्लेली आहे मी. आता सुनेनं कितीही निगुतीनं केली तरी त्या भाजीला काहीतरी कमी पडतं. खळीचा वास कमी पडतो, पण हे तिला कसं सांगणार?

आता लाल रेघेचं. आप्पा ज्या शेठसाठी साड्या विणायचे त्याची पेढी शहापूरच्या खडेबाजारात होती. तिथले दिवाणजी, सुकलेल्या अंगाचे, चष्मा नाकाच्या टोकावर आलेले, प्रत्येक साडी खिडकीच्या उजेडात धरून तपासायचे. साडीला विणकराच्या नावाची चिठ्ठी टाचलेली असायची. विणीत कुठं खोट दिसली की त्या नावाखाली निळ्या पेन्सिलीची रेघ. साडी बरी असली की काहीच नाही. आणि अव्वल निघाली, अगदी दुकानात पुढं मांडण्यासारखी, तर नावाखाली लाल रेघ. त्या चिठ्ठ्या विणकराकडे परत यायच्या. आप्पांनी लाल रेघेच्या चिठ्ठ्या एका तारेत ओवून मागाच्या खांबाला टांगल्या होत्या. निळ्या रेघेच्या ते गुपचूप चुलीत टाकायचे, आणि आई मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "आज चूल कशी भराभर पेटली बाई!" गल्लीत तर लाल रेघ हा बोलण्यातलाच शब्द झाला होता. कुणाची सून कामाला चटपटीत निघाली की बायका म्हणायच्या, "लाल रेघंची हाय गं."

आप्पांना अक्षर एक येत नव्हतं. पेन्सिल त्यांनी कधी हातात धरलेली मी बघितली नव्हती. मराठी आकडे मात्र ओळखायचे, ते कामापुरते. पण शिकवण्याची त्यांची एक तऱ्हा होती, आणि पुढं ट्रेनिंग कॉलेजात मला मोठाल्या पुस्तकांतून जे शिकवलं त्यापेक्षा ती मला जास्त उपयोगी पडली. मला त्यांनी मागावर बसवलं तेव्हा मी दहा वर्षांची असेन. पहिल्या दिवशी मी विणलं ते बघवत नव्हतं. कडा आत गेलेल्या, मध्ये झिरझिरीत, एका जागी तर बोट आरपार जाईल असं. मी रडवेली होऊन बसले. आप्पांनी त्यातल्या एकाही खोटीला हात लावला नाही. सगळं कापड निरखत निरखत त्यांनी एका जागी बोट टेकवलं आणि म्हणाले, "ही बघ. हितनं हितपर्यंत. दोन बोटं बेस जमल्यात. आता तिसरं बोट विन." एवढंच. दुसऱ्या दिवशी चार बोटं. लहान मूल सगळ्या घरादाराला विसरून त्या दोन बोटांकडे बघायला लागतं, हे मी स्वतःवरूनच सांगते.

पण शाळेत आप्पा नव्हते. शाळा मराठी, आणि त्यात कन्नड हा एक विषय. आमच्या गल्लीतल्या पोरींना त्याचं काही वाटायचं नाही, त्या शेजारणीच्या मांडीवर कन्नड ऐकतच वाढलेल्या. माझी गोष्ट वेगळी होती. लहानपणची चार वर्षं मी निपाणीला मामाकडे काढली होती. मामाच्या घरी आणि शाळेत सगळा मराठीचा कारभार, त्यामुळे वडगावात परत आले तेव्हा बाजारापुरतं कन्नड कळायचं, लिहिण्यावाचण्याच्या नावानं आनंद. ती अक्षरं मला पाठमोऱ्या बसलेल्या बायकांसारखी वाटायची, सगळ्या सारख्याच, तोंड कुणाचंच दिसत नाही. आमचे कन्नडचे मठद मास्तर मनाचे वाईट नव्हते, पण त्यांना घाई फार. मला उभं करायचे, मी पहिल्याच शब्दाला अडायची, आणि ते हात झटकून म्हणायचे, "निनग बरंगिल्ल, बिडु." म्हणजे तुला येणार नाही, सोड. रोज म्हणायचे. रागानं म्हणाले असते तर मी कदाचित हट्टाला पेटले असते. ते अगदी सहज म्हणायचे, आज ऊन आहे असं सांगावं तसं, आणि म्हणून माझा त्यावर पूर्ण विश्वास बसला. मला कन्नड येणार नव्हतं. माझ्या पायाला सहावं बोट नाही तसं मला कन्नड नाही, असं मी धरून चालले होते.

आठवीच्या सहामाहीचं प्रगतिपुस्तक मिळालं तेव्हा कन्नडासमोर शंभरात चौदा होते आणि त्याखाली चांगली जाड लाल शाईची रेघ. वाटभर मी मनात वाक्यं जुळवत आले. आधी आईला सांगायचं, ती रहाटावर असली की अर्धंच ऐकते, मग तिच्याकडून आप्पांना. पण शनिवार, शाळा लवकर सुटलेली, आणि आप्पा नेमके चहा प्यायला खड्ड्यातून वर आलेले. "आण बघू," म्हणाले. हात धोतराला पुसले आणि पुस्तक उघडून उजेडाकडे धरलं, अगदी दिवाणजी साडी धरायचे तसं. आकडे इंग्रजी, ते त्यांना कळायचे नाहीत. त्यांची नजर वरून खाली आली आणि एका जागी थांबली.

"अगं ए!" ते एकदम ओरडले. आईचा रहाट थांबला. "पोरीला लाल रेघ पडलीया!"

मी दाराकडे सरकले.

"कशात गं माले? कशाखाली हाय ही?"

"कन्नडात," मी म्हणाले. खोटं बोलले नाही. फक्त त्यापुढचं बोलले नाही, कारण आप्पांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. त्यांनी आईच्या काजळाच्या डबीत अंगठा टेकवला, पालकाच्या सहीच्या जागी तो उमटवला, टोपी डोक्यावर ठेवली आणि भरला माग तसाच सोडून बाहेर पडले. परत आले ते कुंद्याचा, आमच्या बेळगावी मिठाईचा, पुडा घेऊन. आमच्याकडे कुंदा यायचा तो दिवाळीला नाहीतर कुणाचं लग्न ठरलं तर. आप्पांनी तो घरोघरी वाटला. शेजारच्या नीलव्वाच्या हातावर ठेवताना म्हणाले, "आमच्या मालीला कन्नडात लाल रेघ पडली बघ. आन् ती बी तुमच्या भाषंत!" नीलव्वानं माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली. माझ्या वाट्याचा कुंदा मी खाल्ला. इतका कडू कुंदा बेळगावात दुसऱ्या कुणी खाल्ला नसेल.

इथं जरा थांबून माझ्या नातीबद्दल सांगते. ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते आणि तिनं आरशाभोवती रंगीत कागद चिकटवलेत, 'मी करू शकते', 'मला जमेल', अशा मजकुराचे. सकाळी उठून ते मोठ्यानं वाचते. मोबाईलवरही कुणीतरी तिला रोज तसंच काही पाठवत असतं. मी तिला नावं ठेवत नाही. पण मला स्वतःला कुणी 'तू करशील' असं म्हटलंच नव्हतं. आप्पांनी सगळ्या गल्लीला सांगून टाकलं होतं की मालीनं केलं. यात फार मोठा फरक आहे. जमेल म्हटलं की माणूस बसून वाट बघू शकतो, पण जमलंय म्हटल्यावर तुमच्याकडे लोक कामं घेऊन यायला लागतात.

आणि नीलव्वा आली. पुढच्याच शुक्रवारी, हातात पत्र घेऊन. तिची लेक गंगा धारवाडला दिलेली, जावई पत्र लिहायचा. आजवर ते पत्र कोपऱ्यावरचा दुकानदार वाचून द्यायचा, पण त्याचा आवाज असा खणखणीत की गंगाच्या सासूची गाऱ्हाणी तेल न्यायला आलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना कळायची. "आता घरचं मानूस हाय वाचायला," नीलव्वा खुशीत म्हणाली. "वाच, मालव्वा."

मी पत्र हातात घेतलं. पाठमोऱ्या बायकांची जत्रा. "आज माझं डोळं दुखत्यात," मी म्हणाले, "उद्या वाचून दावते." उद्यापर्यंत काय होणार होतं ते देवाला ठाऊक. शनिवारी शाळेतून आले ती परसात जाऊन बसले, मांडीवर पत्र आणि शेजारी पाचवीचं जुनं कन्नडचं पुस्तक, चित्रांखाली अक्षरं दिलेलं. एकेक अक्षर शोधायचं, पाटीवर काढायचं, पुढचं शोधायचं. पहिला शब्द लागायला इतका वेळ गेला की परसातली सावली भिंतीवर चढली. तो शब्द होता 'अव्वगे'. आईला. मी तो मोठ्यानं वाचला आणि मला हसूच आलं, कारण नीलव्वाच्या घरातून हा शब्द मी दिवसातून पन्नास वेळा ऐकत होते. कागदावर तो असा दिसतो होय! मग 'नमस्कारगळु'. मग 'नावु क्षेम', आम्ही खुशाल. दिवेलागणीपर्यंत मी पत्राचा वरचा निम्मा भाग सोडवला. खाली तीन ओळी उरल्या होत्या, जावयानं घाईनं खरडलेल्या, आणि त्या काही केल्या सुटेनात. तेवढ्यात नीलव्वा आलीच. मी वरचं सगळं वाचून दाखवलं, ती मान डोलवत राहिली. त्या तीन ओळींपाशी आल्यावर मी म्हणाले, "बाकी समदं बरं हाय म्हणं."

ते मी का म्हणाले? नावाखालची लाल रेघ पुसली जाऊ नये म्हणून म्हणाले, दुसरं काय? नीलव्वा मात्र खुशीत सांगत बसली, गंगाला नववा लागलाय, आता चार दिवसांत जावई तिला बाळंतपणाला इथं आणून सोडेल, तिच्यासाठी कोपऱ्यातली बाज विणून घेतलीय, डिंक आणलाय. जेवताना आई म्हणाली, "भाकरी का चिवडायलीस?" सगळं बरं आहे हे मी बोलले खरी, पण त्या तीन ओळींत काय आहे ते मला कुठं माहीत होतं?

रविवारी सकाळी मी पत्र मागून घेतलं, "नीट बघून देते" म्हणून, आणि सरळ अनगोळला मठद मास्तरांचं घर गाठलं. मास्तर अंगणात बनियनवर बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होते. शाळेबाहेर मला बघून त्यांना वाटलं मी मार्क वाढवून मागायला आले. मी पत्र पुढं केलं आणि खालच्या तीन ओळींवर बोट ठेवलं. त्यांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा बदलला. गंगाला गाडीचा प्रवास करायचा नाही असं डॉक्टरनं बजावलं होतं. तिला माहेरी आणता येत नाही, सासूच्यानं होत नाही, घरात दुसरं करणारं कुणी नाही, अव्वानंच अमावास्येच्या आत निघून यावं. अमावास्या बुधवारी होती.

मी पत्र ओढूनच घेतलं आणि पळायला वळले. "थांब," मास्तर म्हणाले. "वरचं कुणी वाचलं?"

"मी."

"नीना?" तू? त्यांना खरं वाटेना. "ओदु." वाच म्हणाले. माझा जीव वडगावात, पण मास्तरांचा शब्द मोडायची सवय नव्हती. उभ्या उभ्या मी वरच्या चार ओळी वाचल्या, अडखळत, पण वाचल्या. मास्तरांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग ते म्हणाले, "बर्तैतल्ल!" येतंय की! दोन वर्षं 'बरंगिल्ल' ऐकलेल्या माझ्या कानांना तो शब्द कसा लागला हे मला आजही नीट सांगता येणार नाही. त्यांनी सांगितल्यासारखं नव्हे, पकडल्यासारखं म्हटलं. जणू मी दोन वर्षं कन्नड परकरात लपवून ठेवलं होतं आणि आज ते सापडलं.

अनगोळ ते वडगाव मी पळत आले. नीलव्वा उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. मी धापा टाकत तीन ओळी सांगितल्या. तिच्या मांडीवरचं सूप खाली पडलं.

"काल बरं हाय म्हणलीस की गं तू!"

"काल तेवढंच वाचाय आलं, नीलव्वा. खालचं आलं न्हाय. मी उगंच म्हणलं."

ती मारेल असं वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं. पण तिला वेळ कुठं होता? आई धावत आली, दोघींनी मिळून लुगडी, डिंक, जुनी मऊ धडुती असं बोचकं बांधलं. दुपारच्या धारवाडच्या गाडीला आप्पा तिला बसवून आले. निघताना दारात ती माझ्यापाशी थांबली आणि जरा जरबेनंच म्हणाली, "इन्न मुंद नीन ओदबेकु." यापुढं तूच वाचायचंस. आणि बोट नाचवून मराठीत पुस्ती जोडली, "पन समदं."

आप्पा परत येऊन मागावर बसले तशी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. आता लपवण्यात अर्थ नव्हता, आणि खरं तर मला आता ते पेलवतही नव्हतं.

"आप्पा, ती रेघ चांगली न्हवती."

"कुठली?"

"पुस्तकातली. शाळंत नापासाखाली लाल रेघ मारत्यात. मला शंभरात चौदा पडल्यात."

धोटा आप्पांच्या हातात तसाच. मागच्या खोलीतला रहाटही थांबला. त्या दिवशी अमावास्या नव्हती, पण आमच्या घरापुरती झाली. आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, डोकं खाजवलं.

"म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "मी समद्या गल्लीला नापासाचा कुंदा खायला घातला म्हण की."

आतून आईचं हसणं फुटलं आणि तिनं ते पदरात दाबलं. मला मात्र रडू आलं.

"रडू नगंस. नीलव्वाचं पत्र कुणी वाचलं?"

"मी."

"समदं?"

"तीन वळी मास्तरांनी. बाकीचं मी."

"मास्तर काय म्हणलं?"

"येतंय की, म्हणलं."

आप्पांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. त्यांनी काही ठरवलं की टोपी वर जायची. "मग रेघ खोटी कशी?" ते म्हणाले. "जरा आधी पडली, येवढंच."

"पर आता गल्लीत काय सांगायचं?"

"काय सांगायचं म्हंजे? माझं सांगून झालंय. दिलेला कुंदा दारोदार जाऊन मी काय परत मागणार न्हाय. आता तुझं तू बघ." आणि धोटा सोडला, खटक्-खट.

माझं मी बघितलं. दुसरा मार्गच ठेवला नव्हता त्यांनी. गुरुवारी धारवाडहून नीलव्वाचं पत्र आलं, जावयानं लिहिलेलं, माझ्या नावावर! मुलगी झाली, दोघी खुशाल. ते मी गल्लीच्या मध्यभागी उभी राहून सगळं वाचलं, शेवटची ओळ धरून. नीलव्वा दीड महिन्यानं परत आली आणि त्यानंतर तिनं मला सोडलं नाही. रोज तिच्या चुलीपाशी तिची जुनी पत्रं काढून बसायचं, मी वाचायचं, मी चुकीचं बोलले की तिनं पोट धरून हसायचं आणि बरोबर बोलून दाखवायचं. मग गल्लीतल्या बाकीच्या बायका यायला लागल्या. रेशनचे अर्ज, पंचायतीच्या नोटिसा, दवाखान्यातले कागद. 'मालीला विचारा, तिला लाल रेघ हाय.' ज्याला आपण येतं म्हणतो ते बहुतेक वेळा असंच येतं, लोकांनी आधीच गृहीत धरल्यामुळं. मेहनत मात्र माझी होती हं, ती मी कुणाला वाटून देणार नाही. पाट्या झिजवल्या मी. मठद मास्तर मधल्या सुट्टीत मला वेगळं बसवायचे, आणि त्यांच्या तोंडून 'बरंगिल्ल' हा शब्द मी पुन्हा ऐकला नाही, माझ्यासाठीही आणि दुसऱ्या कुणासाठीही.

पुढं मीच कन्नडची शिक्षिका झाले, मराठी मुलांना शिकवणारी. वह्या तपासताना मी लाल शाईनं चुका कधीच दाखवल्या नाहीत. मुलाच्या पानभर खरडण्यात जे वाक्य बरं जमलं असेल, एखादा शब्द का असेना, त्याखाली लाल रेघ. मुख्याध्यापकांनी बोलावून समज दिली, "बाई, तपासणीला साहेब आले तर काय म्हणतील? वर्गच्या वर्ग नापास दिसतोय!" मी म्हणाले, साहेबांना माझ्याकडे पाठवा. साहेब आले, त्यांनी वह्या बघितल्या, मुलांना उभं करून वाचायला लावलं, आणि मुलं घडाघडा वाचायला लागल्यावर मग रेघांबद्दल ते काही बोलले नाहीत. हा बडेजाव वाटेल, पण माझ्या वर्गात 'मला येत नाही' म्हणणारं मूल दिवाळीपर्यंत टिकायचं नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते.

पण हे सगळं नंतरचं. दहावीचा निकाल लागला तेव्हा कन्नडात मी शाळेत पहिली होते. गुणपत्रक हातात आलं तशी मी घरी धावले. आप्पा खड्ड्यातून वर आले, या खेपेला साबण लावून हात धुतले आणि कागद उजेडाकडे धरला. वरून खाली बघितलं, पुन्हा वरून खाली बघितलं.

"रेघ न्हाय."

"आप्पा, चांगल्या मार्काखाली शाळा रेघ मारत न्हाय. सांगितलं न्हवं का तुम्हांस्नी?"

"शाळंचं शाळंजवळ," ते म्हणाले. टोपी चढली, आणि ते बाहेर पडले. मला वाटलं कुंदा आणायला गेले. आले ते मुठीत काहीतरी घट्ट धरून. खडेबाजारात जाऊन त्यांनी दिवाणजींकडून त्यांची लाल पेन्सिल मागून आणली होती, दोन बोटं उरलेली. दिवाणजींनी ती कशी दिली कोण जाणे, त्या पेन्सिलीला ते कुणाला हात लावू देत नसत. आप्पा मांडी घालून बसले, गुणपत्रक पाटावर ठेवलं.

"कन्नड कुठं हाय? बोट ठेव."

मी बोट ठेवलं. आई आतून ओरडली, "अवं, सरकारी कागद हाय त्यो!" आप्पांनी ऐकलं नाही. पेन्सिल त्यांनी मुठीत धरली, धोटा धरायची सवय असलेल्या हातानं, आणि श्वास रोखून रेघ ओढायला लागले. ज्या माणसाची साडी सहा वार सरळ जायची त्याची ती रेघ वाकडी गेली, मध्ये तुटली, पुढं चढून गणिताच्या मार्कांना जाऊन टेकली. शेवटापर्यंत गेल्यावर त्यांनी हात उचलला आणि लांबून बघितली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. आयुष्यभर अंगठा टेकवलेल्या माझ्या आप्पांनी कागदावर आपल्या हातानं काढलेली ती एकच गोष्ट.

त्या गुणपत्रकाची नवी प्रत काढून घे, असं मला अनेकांनी सांगितलं. मी काढली नाही. ट्रेनिंग कॉलेजात प्रवेशाला गेले तेव्हा खिडकीतल्या कारकुनानं कागद घेतला, आकड्यांकडे न बघता रेघेकडे बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. माझ्यामागं रांगेत शहरातल्या, कॅम्पातल्या मुली उभ्या होत्या, इस्त्रीच्या कपड्यांतल्या. आप्पा दाराशी टोपी हातात घेऊन थांबलेले.

"कन्नडात नापास काय गं तू?" कारकून म्हणाला.

"पहिली आलीया," मी मोठ्यानं म्हणाले, दारापर्यंत ऐकू जाईल असं. "लाल रेघ दिसत न्हाय व्हय तुम्हांस्नी?"